मणक्याला मार लागलेल्यांना व्यायामाची जागा द्या : कोरेगाव तालुक्याला आवाहन

कोरेगाव, रहिमतपूर, वाठार स्टेशन आणि तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरच्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती आहे.

तुमच्या गल्लीत किंवा भावकीत असा एखादा माणूस असेल. आंब्यावरून पडलेला, विहिरीच्या कामावर घसरलेला, उसाच्या ट्रॉलीखाली सापडलेला किंवा मोटारसायकलवरून उडालेला. ऑपरेशन झालं, मणक्यात रॉड बसला, घरी आणलं. पहिले काही दिवस भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. मग आतल्या खोलीत कॉट, कॉटला लघवीची पिशवी, आणि घरातलं प्रत्येक जण मायेनं एकच सांगतं, "तू पडून राहा, आम्ही आहोत ना."

या मायेनंच तो खचत चालला आहे. त्याला उठवून बसवा आणि व्यायामाला लावा.

मणक्यातल्या मज्जारज्जूला इजा झाली की मेंदूचा निरोप खाली नीट पोहोचत नाही. पण इजेच्या वरचं शरीर जिवंत आणि कामाचं असतं. कंबरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाचे खांदे, दंड, छाती, पाठ यांत ताकद येऊ शकते, त्याचं हृदय मेहनत करू शकतं. पडून राहिलं की हेही जातं. स्नायू आठवड्यांत ओसरतात. इजेखालची हाडं पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच झपाट्यानं ठिसूळ होतात. वजन वाढतं, साखर वाढते, माकडहाडावर जखम पडते आणि ती हाडापर्यंत जाते. म्हणून "पुढच्या वर्षी बघू" म्हणू नका. गेलेली ताकद परत आणायला फार कष्ट पडतात.

किती व्यायाम लागतो? 2018 साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मज्जारज्जूच्या रुग्णांसाठी ठरवलेलं प्रमाण असं : आठवड्यातून दोनदा निदान 20 मिनिटं दम लागेल अशी मेहनत, आणि दोनदाच, चालत्या प्रत्येक मोठ्या स्नायूसाठी ताकदीच्या व्यायामाचे तीन-तीन फेर. हृदय आणि साखर सांभाळायची तर आठवड्यातून तीनदा 30 मिनिटं. एवढंच. सपाट रस्त्यावर व्हीलचेअर जोरात हाकणं ही दमाची मेहनत झाली. ताकदीसाठी रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून ओढा, पाण्यानं भरलेली लिटरची बाटली म्हणजे किलोभराचं वजन. बोटांत पकड नसेल तर क्रेप बँडेजनं हात साधनाच्या मुठीला बांधता येतो, धडाचा तोल राहत नसेल तर छातीवरून पट्टा घेता येतो. ढकलण्यापेक्षा मागे ओढण्याचे व्यायाम जास्त करा, कारण व्हीलचेअर हाकून खांदे पुढून झिजतात, आणि या माणसाचे खांदे गेले तर त्याचं चालणंच गेलं.

पण नीट ऐका, यात धोकेही आहेत. सुरुवात डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टला विचारूनच करा. व्यायामाआधी लघवी काढून घ्या किंवा पिशवी रिकामी करा, नळी दुमडलेली नाही हे बघा. इजा छातीच्या मधल्या भागाच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम फुटला, तर रक्तदाब धोकादायक चढलेला असू शकतो. लगेच थांबा, सरळ बसवा, पाय खाली सोडा, कपडे सैल करा, नळी तपासा, आणि उतार पडला नाही तर 108 ला फोन करा. अशा माणसाला एरवी इजेच्या खाली नीट घाम येत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी व्यायाम नको. सकाळी, सावलीत, ओला रुमाल जवळ ठेवून करा. त्याच्या मागच्या खिशात मोबाइल किंवा किल्ल्या ठेवून त्याला बसवू नका. त्याला टोचलेलं कळत नाही, जखम झाल्यावर घरच्यांना दिसते. ताप असेल किंवा जखम उघडी असेल तर व्यायाम बंद.

हे सगळं परदेशातल्या दवाखान्यांतलं आहे असं कुणाला वाटेल. पण इथून कराड ओलांडून गेलं की सांगली जिल्ह्यातलं पेठ लागतं. तिथले मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सिंग खेळत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात शिरली. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले, आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात 37.33 सेकंदांचा विश्वविक्रम करून भारताला पॅरालिंपिकचं पहिलं सुवर्णपदक दिलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. सगळ्यांनी पदक आणावं असं मी म्हणत नाही. त्यांच्या बाबतीत कुणीतरी "पडून राहा" ऐवजी "पोहा" म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. जखमी जवानांसाठी खडकीला 1974 पासून पुनर्वसन केंद्र आहे. ट्रॅक्टरखाली सापडलेल्या शेतकऱ्याच्या पोराला मात्र गावातच जागा करून द्यावी लागेल.

तालीम मंडळांनो, जिमवाल्यांनो, आठवड्यातले दोन दिवस एक तास या माणसांसाठी ठेवा. दार तीन फूट रुंद लागतं आणि एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार. गवंड्याचं काम आहे, मोठा खर्च नाही. वस्तादांनी फिजिओथेरपिस्टसोबत एकदा बसून घ्यावं. दंडबैठका शिकवणाऱ्याला बसून करायचे व्यायाम शिकायला वेळ लागणार नाही. गावोगाव ओपन जिम बसल्या, पण त्यांतली बहुतेक साधनं उभ्या माणसासाठी आहेत. पुढचं साधन घेताना हातानं फिरवायचं, व्हीलचेअर जवळ आणता येईल असं घ्या.

सरपंच, नगरसेवक आणि ग्रामसेवकांनो, ग्रामपंचायत-पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा हा शासनाचाच नियम आहे, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं खेळाच्या सोयी या लोकांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. मार्चअखेर हा पैसा घाईघाईनं सतरंज्या आणि डब्यांवर उडवू नका. उतार, पट्टे, हातानं फिरवायची सायकल, फिजिओथेरपिस्टच्या फेऱ्या यांवर तो लावा.

आणि घरच्यांनो, गावातल्या अशा प्रत्येकाचं नाव, इजा झाल्याचं वर्ष आणि त्याच्याकडे व्हीलचेअर आहे की नाही, एवढं कागदावर लिहून या आठवड्यात ग्रामपंचायतीत द्या, पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेला त्या माणसाला स्वतः बोलायला घेऊन जा. सभा पहिल्या मजल्यावर असेल तर ती खाली घ्यायला सांगा.