हायपर, पण कशाच्या वर?

‘हायपर’ लावलेलं काहीही विकायला आलं की मी एकच विचारते: कशाच्या वर? ग्रीकमध्ये या उपसर्गाचा अर्थ ‘वर’, ‘पलीकडे’ आणि ओघानं ‘प्रमाणाबाहेर’. इंजिनिअरांनी पहिले दोन अर्थ घेतले. विकणाऱ्यांनी तिसरा उचलला, आणि तोही कौतुकाचा म्हणून. डॉक्टरांना हे कौतुक कळत नाही. हायपरटेन्शन म्हटलं की ते गोळीच लिहून देतात.

मी ऐरोलीत सर्व्हर सांभाळते. आमच्या रोजच्या बोलण्यात ‘हायपरव्हायजर’ असतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला पूर्वी सुपरव्हायजर म्हणत. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर त्याच्याही डोक्यावर बसणारा प्रोग्रॅम आला, तेव्हा सुपरच्या वर काय, तर हायपर! अधीक्षकांचा अधीक्षक. फक्त हा फाइल अडवत नाही. एका यंत्रावर दहा-बारा आभासी मशिनं चालतात, प्रत्येकीला वाटतं सगळं यंत्र आपलंच, आणि हा मुकाट्यानं मेमरी नि प्रोसेसरचा वेळ वाटत राहतो. रात्री दोनला यंत्र बसलं तर त्यावरची मशिनं शेजारच्या यंत्रावर पुन्हा उठतात. ग्राहकाला सकाळी कळतही नाही. इथे ‘कशाच्या वर’ याचं उत्तर बोट ठेवून दाखवता येतं.

हायपरटेक्स्टचंही तसंच. टेड नेल्सननं हा शब्द १९६५मध्ये छापून आणला, तो वेगासाठी नव्हे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ न जाता एका मजकुरातून दुसऱ्यात उडी मारता यावी, म्हणजे सपाट कागदाला आणखी एक मिती मिळावी, असं त्याच्या मनात होतं. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९मध्ये सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव मांडला तो याच कल्पनेवर. पत्त्याच्या सुरुवातीच्या ‘एचटीटीपी’मधला एच म्हणजे तोच हायपर. नेल्सन मात्र वेबवर नाराजच राहिला. त्याला दुवा दोन्ही टोकांनी हवा होता. आपल्याकडे तो एकतर्फी आहे, आणि पलीकडचं पान उडालं की मेलेला.

घसरण बाजारात सुरू झाली. इंटेलनं २००२मध्ये ‘हायपरथ्रेडिंग’ आणलं. त्यात एक कोअर सिस्टिमला दोन दिसतो. दिसतो दोन, पण काम दुप्पट होत नाही. काही कामांत बरा फायदा, काहींत जवळजवळ काहीच नाही. तंत्र उत्तम होतं, नाव जरा चढवलेलं. मग ‘हायपरलोकल’ आलं, म्हणजे दोन गल्ल्या पलीकडून कोथिंबीर. ते आमचा भाजीवाला आधीपासून करत होता, फोनवर.

इथवर हसून सोडून देता येतं. हायपरलूपचं तसं नाही, कारण तिथे सही सरकारची होती.

इलॉन मस्क यांनी ऑगस्ट २०१३मध्ये ही कल्पना कागदावर मांडली: हवा जवळजवळ काढून टाकलेली नळी आणि तिच्यातून ताशी हजार किलोमीटरच्या वर धावणारे डबे. फेब्रुवारी २०१८मध्ये ‘मॅग्नेटिक महाराष्ट्र’मध्ये व्हर्जिन हायपरलूप वनशी राज्य सरकारचा करार झाला. मुंबई-पुणे २५ मिनिटांत! माहेर पुण्याचं असल्यानं मलाही ते गोड वाटलं. कर्जतला मागून बँकर इंजिनं लागतात, गाडी घाट चढते, त्या वेळात आपण घरी पोचून चहा घेत असू, असा हिशेब आमच्या डब्यात झालाही. २०१९मध्ये राज्यानं त्याला पायाभूत प्रकल्पाचा दर्जा दिला. तोवर त्या कंपनीच्या नळीत एकही माणूस बसलेला नव्हता.

माणसं बसली नोव्हेंबर २०२०मध्ये, नेवाडाच्या वाळवंटात. नळी ५०० मीटरची, वेग ताशी १७२ किलोमीटर. प्रयोग म्हणून ते शाबासकीचंच काम, पण तेवढ्या वेगाच्या गाड्या जगात कितीतरी वर्षं साध्या रुळांवर धावताहेत. २०२२मध्ये कंपनीनं प्रवासी सोडून मालवाहतुकीकडे मोर्चा वळवला आणि २०२३च्या अखेरीस गाशा गुंडाळला.

मला राग कंपनीचा नाही. नवं काही करू पाहणारे दहातले नऊ बुडणारच. राग याचा की त्या काळात बातम्यांमध्ये २५ मिनिटं ठळक असायची आणि चाचणीचे आकडे शोधावे लागायचे. ‘निर्वात नळीतली गाडी’ म्हटलं असतं तर कुणीही विचारलं असतं: एवढी लांब नळी हवाबंद कशी राखणार, उन्हात पोलाद ताणलं की काय करणार, मध्येच डबा अडकला तर आतल्या माणसांना बाहेर कसं काढणार? ‘हायपर’ म्हटल्यावर हे विचारणारा मागासलेला ठरला.

आयआयटी मद्रासच्या आवारात आता ४२२ मीटरची चाचणी-नळी आहे. रेल्वे मंत्रालयाच्या मदतीनं ती उभी राहिली, आणि संशोधन असंच व्हावं. पण उद्या त्या जोरावर आपल्याकडे पुन्हा कुठला करार झाला, तर मंचासमोर बसलेल्या पत्रकारांनी फोटो काढण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात: पूर्ण वेगाची चाचणी किती किलोमीटरवर झाली, माणसं बसवून झाली का, जमीन कोणाची जाणार, आणि फसलं तर पैसे कोण भरणार. उत्तरं बातमीच्या पहिल्या परिच्छेदात यावीत, मिनिटांच्या आधी.