रिकामी तिजोरी आणि नवें यंत्र

व्यापारांत मंदी आली म्हणजे विक्रेत्याची दृष्टि सहजच सरकारकडे वळते. खासगी गिऱ्हाईक हात आखडतें, कारखानदार नवी मागणी पुढें ढकलतो. पण सरकार कांहीं दुकानाला कुलूप लावून गांव सोडून जात नाहीं, अशी सर्वसाधारण समजूत असते. संगणक व संगणकप्रणाली यांचा व्यापार करणाऱ्या कंपन्यांनींही हाच मार्ग वारंवार धरला आहे. आपल्या समाजांतील कितीतरी घरांतून मुलगा, सून किंवा जांवई या व्यापारांत गुंतलेला आहे. कोणी पुण्यांत बसून अमेरिकेंतील एखाद्या राज्याच्या कचेरीसाठीं प्रणाली तयार करतो, कोणी तिकडेच राहून ती विकतो. तेव्हां हा व्यवहार कसा चालतो, आणि विशेषतः मंदीच्या दिवसांत त्यांत कोणाचें हित व कोणाचें अहित गुंतलेलें असतें, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरणें अमेरिकेंतीलच घेतलीं आहेत. कारण तेथील करार, हिशेब आणि न्यायालयांचे निकाल सर्वांस पाहावयास मोकळे आहेत.

प्रथम ती समजूत तपासून पाहूं. अमेरिकेचें मध्यवर्ती सरकार तूट आल्यास कर्ज काढून खर्च चालवूं शकतें. तेथील राज्यांस मात्र ही सवलत नाहीं. व्हरमाँट हें एक राज्य वगळतां बाकी सर्व राज्यांस आपल्या चालू खर्चाच्या अंदाजपत्रकाचीं दोन्ही तोंडें जुळवावीं लागतात, असें कायद्याचें बंधन आहे. मंदींत पगार घटतात, खरेदी घटते. त्याबरोबर प्राप्तीवरील व विक्रीवरील कराचें उत्पन्नही घटतें. नेमक्या त्याच वेळीं बेकारभत्ता, अन्नसाहाय्य व औषधोपचार मागणारांची रांग वाढते. डिसेंबर २००७ पासून जून २००९ पर्यंत जी मोठी मंदी तेथें झाली, तिच्या पाठोपाठ ऑक्टोबर २००९ मध्यें बेकारीचें प्रमाण शेंकडा १० झालें होतें. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत कॅलिफोर्नियासारख्या श्रीमंत राज्यास आपलीं कांहीं देणीं रोख न देतां वचनचिठ्ठ्या देऊन भागवावीं लागलीं. पुढें जुलै २०१३ मध्यें डेट्रॉइट या प्रख्यात शहराच्या नगरसंस्थेनें न्यायालयांत दिवाळें जाहीर केलें. म्हणजे सरकाररूपी गिऱ्हाईकही मंदींत होरपळतें. फरक इतकाच कीं, त्याला आपलें काम थांबवितां येत नाहीं. उलट तें वाढत जातें.

अशा गिऱ्हाइकास नवें यंत्र कसें विकावयाचें? येथें विक्रेत्यास मुख्यतः तीन दारें उघडीं सांपडतात.

पहिलें दार वरून येणाऱ्या अनुदानाचें. फेब्रुवारी २००९ मध्यें मध्यवर्ती सरकारनें अर्थव्यवस्था सावरण्याकरितां जो कायदा केला, त्याचा अंदाजित खर्च ७८७ अब्ज डॉलर होता, आणि त्यांतील मोठा भाग राज्यांच्या द्वारें खर्च व्हावयाचा होता. त्याखेरीज गरिबांच्या औषधोपचाराची जी मेडिकेड नांवाची योजना आहे, तिच्या हिशेबाची संगणकप्रणाली उभारण्यासाठीं शेंकडा ९० आणि ती चालविण्यासाठीं शेंकडा ७५ पर्यंत खर्च मध्यवर्ती सरकार सोसतें. राज्याच्या तिजोरींत दमडी नसली तरी अशा कामास पैसा असतो. म्हणून जाणता विक्रेता अधिकाऱ्यास ‘तुम्हांला काय हवें?’ असें विचारण्यापूर्वीं कोणत्या कामास कोठून पैसा मिळतो याचा शोध घेतो. बहुतेक राज्यांचें आर्थिक वर्ष १ जुलै रोजीं सुरू होतें. तेव्हां त्याचें पंचांगही त्या तिथीभोंवतीं फिरतें.

दुसरें दार असें कीं, सरकारकडून आरंभीं कांहींच घ्यावयाचें नाहीं. कॅन्सस राज्यांत १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभीं ही पद्धत सुरू झाली. सरकारी दाखले व नोंदी संगणकावर मिळण्याची सोय कंपनीनें स्वखर्चानें करावयाची, आणि विमाकंपन्यांसारखे जे व्यवसायी या नोंदी नेहमीं मागतात त्यांच्याकडून प्रत्येक नोंदीमागें शुल्क घ्यावयाचें. ही पद्धत पुढें अनेक राज्यांनीं उचलली. तींतून वाढलेली एन्‌आय्‌सी ही कंपनी २०२१ सालीं टायलर टेक्नॉलॉजीज या दुसऱ्या कंपनीनें सुमारें २ अब्ज ३० कोटी डॉलरांस विकत घेतली, यावरून त्या धंद्याची बरकत ध्यानांत येईल. फुकट म्हणून मिळालेल्या वस्तूचे पैसे कोणीतरी देतच असतो, एवढेंच येथें विसरूं नये.

तिसरें दार बचतीचें. हेंच सर्वांत रुंद, आणि जपून ओलांडण्यासारखें. मंदींत विक्रेता आपलें यंत्र उत्तम आहे असें सांगत बसत नाहीं. यंत्र घेतल्यानें खर्च किती वांचेल तें तो सांगतो. यांत खोटें असें कांहीं नाहीं. लॉस एंजेलिस शहरानें २००९ मध्यें, म्हणजे ऐन ओढाताणींत, रस्त्यांवरील सुमारें १ लक्ष ४० हजार जुने दिवे बदलून एल्‌ईडी दिवे बसविण्याचें काम हातीं घेतलें. त्यासाठीं कर्ज काढलें, आणि वीज व दुरुस्ती यांत जी बचत होईल तींतूनच तें फेडण्याची योजना केली. बदललेल्या दिव्यांचा विजेचा खर्च निम्म्याहूनही खालीं आला. येथें बचत विजेच्या मापकावर दिसत होती. ती खरी कीं खोटी हें कोणाही नागरिकास पडताळून पाहतां येत होतें. आणि तिच्यामुळें कोणाच्या तोंडचा घांस गेला नाहीं.

परंतु सरकारी कचेरींत विजेपेक्षां फार मोठा खर्च पगारांचा असतो. म्हणून बचतीचें वचन पुष्कळदां माणसें कमी करण्याचें वचन ठरतें. त्यांतून काय निष्पन्न होतें, याचें उदाहरण इंडियाना राज्यानें घालून दिलें आहे.

या राज्याच्या कथेचा आरंभ आपल्या मुंबईशीं जोडलेला आहे. २००१ सालच्या मंदीनंतर राज्यानें बेकारभत्त्याची जुनी संगणकप्रणाली बदलण्याचें ठरविलें, आणि मुंबईस मुख्य ठाणें असलेल्या टाटा कन्सल्टन्सीच्या अमेरिकेंतील शाखेस सुमारें १ कोटी ५२ लक्ष डॉलरांचें कंत्राट दिलें. तिची निविदा प्रतिस्पर्ध्यांहून कमी रकमेची होती. पण बेकारांच्या खात्याचें काम परदेशी माणसांस कां द्यावें, असा गहजब उठला आणि नोव्हेंबर २००३ मध्यें गव्हर्नर जो कर्नन यांनीं तें कंत्राट रद्द केलें. स्वस्त निविदा सरकारास मान्य झाली म्हणजे लोकांसही मान्य झाली असें नाहीं. आणि मंदींत तर नाहींच नाहीं, हा धडा आपल्याकडील कंपन्यांस तेव्हांच मिळाला.

याच राज्यानें डिसेंबर २००६ मध्यें आय्‌बीएम्‌ कंपनीशीं दहा वर्षांचा, १ अब्जाहून अधिक डॉलरांचा करार केला. अन्नसाहाय्य, औषधोपचार व रोख मदत यांचे अर्ज आजवर जिल्ह्याच्या कचेरींतील कर्मचारी स्वतः पाहत असे. अर्जदाराचें घर, मुलें, आजार हें सर्व त्यास ठाऊक असे. नव्या व्यवस्थेंत अर्ज दूरध्वनीवरून किंवा संगणकावरून करावयाचा, कागदपत्रें एका केंद्रांत पाठवावयाचीं, आणि जो मोकळा असेल त्या कर्मचाऱ्यानें पुढील पायरी उरकावयाची असें ठरलें. राज्याचे सुमारें १५०० कर्मचारी कंत्राटदारांच्या नोकरींत गेले. ऑक्टोबर २००७ पासून ही व्यवस्था ९२ पैकीं ५९ जिल्ह्यांत पसरली, आणि तोंच मंदी येऊन ठेपली. २००८ मध्यें राज्यांत मोठे पूरही आले. अर्ज वाढले, दूरध्वनी लागेनासे झाले, पाठविलेले कागद सांपडेनासे झाले. आणि कागद न मिळाल्यास ‘अर्जदारानें सहकार्य केलें नाहीं’ असा शेरा मारून मदत नाकारण्यांत येऊं लागली. आजारी मनुष्यास औषध न मिळण्याचें कारण त्याची गरज सरली हें नव्हतें. त्याचा कागद कोणाच्याच टेबलावर नव्हता, हें होतें. ऑक्टोबर २००९ मध्यें गव्हर्नर मिच डॅनिअल्स यांनीं स्वतःच केलेला करार मोडला, आणि जिल्ह्यांतील कर्मचारी व अर्जदार यांची समोरासमोर गांठ पुन्हां घालून देणारी व्यवस्था आणली. त्यानंतर उभयपक्षीं दावे सुरू झाले. २०१६ मध्यें राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें कराराचा गंभीर भंग कंपनीकडूनच झाल्याचें ठरविलें, आणि २०१७ मध्यें ७ कोटी ८० लक्ष डॉलरांच्या भरपाईचा निकाल झाला; कंपनीचें राज्याकडे जें येणें होतें, तें वजा करूनच ही रक्कम ठरली होती. आठ वर्षें उलटल्यावर बचतीचा हिशेब असा झाला.

मिशिगनची गोष्ट याहून कठोर आहे. मोटारींच्या धंद्यावर जगणाऱ्या या राज्यास मंदीचा फटका जबर बसला होता. त्यानें ऑक्टोबर २०१३ मध्यें बेकारभत्त्यांतील लबाडी शोधणारी ‘मिडास’ नांवाची प्रणाली सुरू केली. मालकानें कळविलेला पगार व अर्जदारानें कळविलेला पगार यांत तफावत दिसली कीं प्रणाली त्यास लबाडी समजे. प्रश्नावली पुष्कळदां अर्जदाराच्या संगणकावरील खात्यांत टाकली जाई. ज्यास नोकरी लागून भत्ता बंद झाला आहे तो तें खातें कशाला उघडून पाहील? उत्तर आलें नाहीं म्हणजे गुन्हा कबूल! मग मूळ रकमेच्या चौपट दंड, वर व्याज, आणि पगारांतून सक्तीची वसुली. ऑगस्ट २०१५ पर्यंत सुमारें ४० हजार लोकांवर असा ठपका आला. संगणकानें एकट्यानें ठरविलेल्या २२ हजारांवर प्रकरणांची राज्यानें पुढें माणसांकडून फेरतपासणी करविली, तेव्हां शेंकडा ९३ निर्णय चुकीचे निघाले. २०२२ मध्यें राज्यानें पीडितांच्या दाव्यांत २ कोटी डॉलर देण्याची तडजोड केली. ज्या घरांत नोकरी गेल्याचें दुःख होतें, तेथें लबाडीचा कलंकही जाऊन बसला. त्याची भरपाई कोणत्या रकमेनें व्हावी?

हें वाचून कोणी म्हणेल कीं, मग जुनें तेंच बरें, नवें यंत्र घेऊंच नये. तेंही खरें नव्हे. एप्रिल २०२० मध्यें महामारीनें एकाएकीं लक्षावधि लोक बेकार झाले, तेव्हां न्यू जर्सीचे गव्हर्नर फिल मर्फी यांस कोबोल ही जुनी संगणकभाषा जाणणारांनीं मदतीस यावें, असें जाहीर आवाहन करावें लागलें. कारण राज्याच्या कांहीं प्रणाली चाळीस वर्षांहून जुन्या होत्या. सुकाळांत निकड नाहीं म्हणून आणि दुष्काळांत पैसा नाहीं म्हणून जें काम टाळलें जातें, तें अखेर असें अंगावर येतें.

तेव्हां प्रश्न यंत्र घ्यावें कीं न घ्यावें हा नाहीं. बचत कशांत करावयाची हा आहे. ओढगस्तीच्या महिन्यांत शहाणी गृहिणी साखर आवरते, सणाचें कापड पुढें ढकलते. पण आजाऱ्याच्या दुधांत पाणी घालीत नाहीं. मंदींत राज्याच्या दारीं उभा राहणारा मनुष्य हा त्या घरांतील आजाऱ्यासारखा आहे. त्याचें म्हणणें ऐकून घेणारा कर्मचारी हा खर्चाच्या वहींत एक आंकडा दिसतो, परंतु चूक जेथल्या तेथें थांबविणारा तोच असतो. त्यास काढून मिळविलेली बचत वास्तविक बचत नव्हे. तें अर्जदाराच्या नांवावर काढलेलें कर्ज होय, आणि तें पुढें न्यायालयांत व्याजासह फेडावें लागतें.

या व्यवसायांत असलेल्या आमच्या तरुण वाचकांस म्हणून आमची एवढीच सूचना आहे. निविदा भरतांना, बचत वस्तूंची आहे कीं माणसांची, ती कोण व कशानें मोजणार, आणि यंत्राची चूक झाल्यास अर्जदारानें कोणत्या माणसाकडे जावें, या तीन गोष्टींचीं उत्तरें आपल्या कागदांत आहेत कीं नाहींत तें पाहावें. एकदम सगळें राज्य न मागतां आधीं एखाद्या जिल्ह्यांत काम करून दाखवावें, आणि नवें नीट चालेपर्यंत जुनी कचेरी उघडी ठेवण्याचा आग्रह आपणच धरावा. अशानें कंत्राट लहान होईल, कदाचित् हातचें जाईलही. पण रिकाम्या तिजोरीच्या धन्यास खोट्या बचतीची आशा दाखवून मिळविलेलें मोठें कंत्राट कोणाच्या जिवावर उभें राहतें, हें इंडियाना व मिशिगन येथील लोकांस पुरतें कळून चुकलें आहे; आपल्या मुलांनीं तें त्यांच्याकडूनच शिकून घ्यावें.