बॉस, आधी भिंत ओली करा!
बुटीबोरी एमआयडीसीत नोकरी लागली की जुनं घर, स्वस्त भाडं आणि घरमालकाचं ठरलेलं वाक्य : 'रंगाचं तुमचं तुम्ही बघा.' मग रविवारी आमची यंग जनता सॅण्डपेपर घेऊन दारं-खिडक्यांवर तुटून पडते. माझ्या टीममधल्या एकानं परवा हेच केलं... आणि दहा महिन्यांची लेक त्याच खोलीत रांगत होती! म्हटलं, अरे, शिसं! तर म्हणतो, "काहून घाबरवून राहिली बाप्पा? शिसपेन्सिली चावूनच मोठे झालो ना आपण!"

शिसपेन्सिलीत शिसं नसतंच हो, ग्राफाइट असतं. शिसं असू शकतं ते जुन्या ऑइलपेंटच्या थरांत. घासलं की धूळ, धूळ हाताला, हात तोंडात. पोटात गेलेलं शिसं मुलं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतात आणि घाव बसतो थेट मेंदूवर.

केंद्राचा नियम आहे ना! १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंग बनवताना शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही. झकास. पण तो डब्यातल्या रंगासाठी, भिंतीवरच्या नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९७१ सालीच कायदा केला. तिथे १९७८ पूर्वीच्या घरात सहा वर्षांखालचं मूल राहत असेल, तर शिशाच्या रंगाचा बंदोबस्त घरमालकानं करायचा. आपल्याकडे घरमालकाला हे सांगून बघा!

तोवर कोरडं घासू नका. आधी ओलं करा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नकोच. आणि पिल्लाला आठवडाभर आजीकडे पाठवा.