प्रॉम्प्टवरचं प्रॉम्प्टवरच

तर झालं असं, की गेल्या महिन्यात सोसायटीच्या मेंटेनन्सच्या थकबाकीवर व्याज काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'तू कॉम्प्युटरवाला ना?' एवढ्या एका वाक्यावर. एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम, पण आमची खाज! हास्केलमध्ये एक छोटं मॉड्यूल लिहिलं, जीएचसीआय उघडला, कोलन-लोड करून ते आत घेतलं आणि एकेक फ्लॅट तपासत बसलो.

आकडे पैशांत येत होते. प्रॉम्प्टवरच एका ओळीचं फंक्शन टाकलं, पूर्ण रुपये करणारं. यादीवरून फिरवलं आणि यादी सेक्रेटरींना पाठवून मोकळा झालो. मग फाइलमध्ये काहीतरी किरकोळ बदललं, कोलन-आर दाबलं... आणि ते फंक्शन गायब!

दोन दिवसांनी बी विंगचे काका लिफ्टपाशी भेटले. "काय रे, माझं 112.50 चं 112 आणि शेजारच्याचं 113.50 चं 114? हा कुठला हिशेब?" उत्तर नव्हतं माझ्याकडे. घरी येऊन वरचा बाण दाबत हिस्टरी चाळली, तर एक नाही, तीन फंक्शनं सापडली: एकात फ्लोअर, एकात सीलिंग, एकात राउंड. तिन्ही चालवून पाहिली तेव्हा कळलं की यादी राउंडवर निघाली होती. हास्केलचा राउंड बरोबर अर्ध्यावर आला की जवळच्या सम संख्येकडे जातो. मी ते साफ विसरलो होतो.

सुरुवातीला मीही जीएचसीआयलाच शिव्या घातल्या. लोड किंवा रीलोड केलं की प्रॉम्प्टवर ठेवलेली सगळी नावं पुसायची, हा कसला नियम? पायथॉन बघा, किती प्रेमळ! पण तो प्रेमळपणा मला आता नको वाटतो. तिथे तेच मॉड्यूल पुन्हा इंपोर्ट केलं तर काहीच होत नाही. इंपोर्टलिबचा रीलोड वापरला तर फाइल नव्याने वाचली जाते, पण 'फ्रॉम'ने आधी आणलेली नावं जुन्याच फंक्शनला चिकटून राहतात. म्हणजे एकाच सेशनमध्ये कालचा कोड आणि आजचा कोड शेजारी शेजारी नांदतात. तिथे माझं फंक्शन लॅपटॉप बंद करेपर्यंत चाललं असतं, आणि फाइल अपुरी आहे हे तोवर मला कळलंच नसतं. जीएचसीआयने ते लगेच दाखवलं. मीच पाहिलं नाही.

तक्रारी आहेत, नाही असं नाही. एखादी मोठी डेटा फाइल प्रॉम्प्टवर वाचून ठेवली असेल, तर दर रीलोडला ती पुन्हा वाचा. आणि टाइपची एक चूक झाली की ते अख्खं मॉड्यूल आणि त्यावर अवलंबून असलेली बाकीची, सगळी हातातून जातात. त्यावर टाइप एरर पुढे ढकलायचा पर्याय 2012 पासून आहे, म्हणजे चूक नुसती वॉर्निंग होते आणि तो तुकडा चालवला तरच फटका बसतो. मी मात्र तो बंदच ठेवतो. सोसायटीच्या पैशांच्या बाबतीत तरी.

असो. अर्धा रुपया वरच्या बाजूला नेणारं फंक्शन आता फाइलमध्ये लिहिलंय, त्याच्यावर कॉमेंटसकट. यादी पुन्हा काढली. काकांचे 113 झाले. हल्ली ते लिफ्टऐवजी जिन्याने जातात :-)