एका ब्रेकला एक चमचा पेट्रोल

जालना रोडवर तुम्ही शेअर रिक्षात बसलाय. आकाशवाणीचा चौक मागे पडला. शेजारचा म्हणतो, ‘‘मामा, इथंच घ्या साइडला.’’ रिक्षा थांबते. तो उतरतो, सुट्टे शोधतो. रिक्षा परत निघते, वेग घेते न घेते तोच तुम्ही म्हणता, ‘‘मामा, त्या झाडापाशी.’’ दोन थांब्यांत अंतर किती? फार तर शंभर पावलं. तुम्ही दोघांनी मिळून रिक्षावाल्याचं थोडं पेट्रोल रस्त्यावर सांडलं. किती, ते पुढं सांगते. तीन महिन्यांपूर्वीपर्यंत मलाही हे माहीत नव्हतं, आणि मी तर रिक्षावाल्याची मुलगी आहे.

झालं असं, की बाबांची रिक्षा ॲव्हरेज देईना. रोज रात्री घरी आले की एकच वाक्य, ‘‘गाडी लई पेट्रोल खायली बघ.’’ मास कम्युनिकेशनला आम्हाला शिकवतात, की आधी आकडा मिळवा, मग बातमी करा. म्हटलं, घरापासूनच सुरू करू. टाकी काठोकाठ भरली, किलोमीटर लिहून ठेवले. दोन दिवसांनी पुन्हा काठोकाठ भरली. जितकं पेट्रोल बसलं त्यानं किलोमीटरला भागलं. उत्तर आलं लिटरला २१. बाबा छातीठोकपणे २५ सांगायचे. म्हणजे रोजच्या शंभर किलोमीटरला पाऊण लिटर कुठंतरी गायब होत होतं. महिन्याचे दोन हजारांच्या आसपास रुपये. त्याच महिन्यात धाकट्या भावाची शिकवणी बंद झाली होती. दोन्ही आकडे एकाच वहीत लिहिले तेव्हा मला त्यांचं नातं दिसलं.

मिस्त्रीकडं गेलो. त्यानं इंजिनाला हात लावायच्या आधी मागचं चाक उचलून हातानं फिरवलं. मोकळं फिरायला हवं, ते दीड फेरीत अडकलं. ब्रेक घासत होता. म्हणजे बाबा दिवसभर ब्रेक लावूनच गाडी चालवत होते म्हणा ना! तिन्ही चाकांत हवा कमी. एअर फिल्टर धुळीनं भरलेला. इंजिनाला हवा कमी मिळाली, की त्या मानानं पेट्रोल जास्त जातं आणि ते नीट जळत नाही. प्लग काढला तर काळाकुट्ट. क्लचची वायर इतकी ताणलेली, की लिव्हर सोडल्यावरही क्लच पूर्ण सुटत नव्हता. इंजिन फिरायचं जोरात, चाकाला ताकद कमी. यातलं एकही काम मोठ्या खर्चाचं नव्हतं. पुढच्या आठवड्यात टाकी भरून मोजलं, तर आकडा २५ च्या जवळ.

तुमच्या घरी रिक्षा असेल, लोडिंगची तीनचाकी असेल, तर आधी हेच बघा. ‘पेट्रोल कमी करून देतो’ म्हणणाऱ्याकडं कार्बोरेटरचा स्क्रू पिळायला लगेच जाऊ नका. गरजेपेक्षा पेट्रोल कमी केलं तर इंजिन तापतं, आणि वाचलेल्या पैशांच्या कितीतरी पट पैसे इंजिनाच्या कामात जातात. बीएस-६ नियम १ एप्रिल २०२० ला लागू झाले. त्यानंतरच्या पेट्रोल रिक्षांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलंय, तिथं तर स्क्रूड्रायव्हर घेऊन बसण्यात अर्थच नाही. पण हवा, प्लग, ब्रेक आणि क्लच हे चार जण जुन्या-नव्या दोन्ही गाड्यांत पेट्रोल खातात.

इथवर दोष आमचा होता. आम्ही तो मान्य केला आणि दुरुस्त केला. पुढचा हिशोब मात्र तुमचा-माझा, सगळ्यांचा आहे.

अकरावीचं फिजिक्स आठवा. चालत्या गाडीत गतिज ऊर्जा असते, ब्रेक मारला की ती उष्णता होऊन उडून जाते. ड्रायव्हर आणि तीन प्रवासी धरून रिक्षाचं वजन साधारण ६५० किलो धरू. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर. ऊर्जा झाली साडेबत्तीस हजार ज्यूल. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल असतात, पण त्यातले चाकापर्यंत पोचतात जेमतेम पाचवा हिस्सा. भागाकार करा. ताशी ३६ वरून एकदा पूर्ण थांबून परत तोच वेग घ्यायला सुमारे ५ मिलिलिटर पेट्रोल लागतं. खोकल्याच्या औषधाचा एक छोटा चमचा. असे दोनशे चमचे म्हणजे एक लिटर. वेग ताशी २५ असेल तर अर्धा चमचा. आणि ५० असेल तर जवळपास दोन! म्हणून गावात सुसाट पळवून पुढच्याच सिग्नलला करकचून ब्रेक मारणाऱ्याचं ॲव्हरेज कधीच सुधारत नाही, गाडी कितीही नवी असो.

एका सकाळी मी वही घेऊन बाबांच्या मागं बसले. आठ ते बारा, क्रांती चौक ते सिडको बसस्थानक आणि परत, शिवाय मधूनच गुलमंडी, औरंगपुऱ्याच्या दोन स्पेशल सवाऱ्या. पूर्ण थांबावं लागलं किंवा जवळपास थांबावं लागलं, असं १४२ वेळा झालं. सिग्नलला २९. गतिरोधकाला ३४. खड्डा किंवा कुणीतरी आडवं आलं म्हणून ३१. आणि प्रवासी चढणं-उतरणं ४८. सगळेच ब्रेक ताशी ३६ वरून नव्हते, म्हणून सरासरी अर्धा चमचा धरा. तरी चार तासांत सत्तर चमचे, साडेतीनशे मिलिलिटर. त्यातला तिसरा हिस्सा आपला, प्रवाशांचा. मला वाटलं होतं सिग्नल पहिला येईल. पहिले आलो आपण.

खड्ड्यांचंही एक तीनचाकी गणित आहे. बाइकवाला खड्ड्याच्या बाजूनं सटकतो, कारवाला खड्डा दोन चाकांच्या मधे घेतो. रिक्षाचं पुढचं चाक मधे आणि मागची दोन दोन्ही कडेला, म्हणजे रस्त्यावर तिच्या तीन वाटा. पुढचं वाचवलं तर मागचं जातं. म्हणून रिक्षावाला थांबतोच. गतिरोधकाचंही तसंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितलाय, ताशी २५ च्या वेगानं आरामात ओलांडता येईल असा. आपल्या गल्लीतले आठवा. डांबराचा ढिगारा, हातभर रुंद, वर पांढरा पट्टाही नाही. तिथं गाडी हळू होत नाही, थांबते. सुरक्षेसाठी गतिरोधक हवेतच, माझी तक्रार त्यांच्या आकाराबद्दल आहे.

आता तुम्ही म्हणाल, रिक्षावाल्यांचा एवढा कळवळा कशाला? मीटर टाकत नाहीत, चार-पाच जण कोंबतात, कुठंही वळतात. खरं आहे. घरी मीही यावरून भांडते. तीनच्या जागी पाच बसवले तर वजन वाढतं आणि प्रत्येक ब्रेकचा चमचाही मोठा होतो, हे बाबांना आकड्यात दाखवलं तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसले. पण रिक्षावाल्यांची चूक दाखवून आपली झाकली जात नाही. आणि त्यांचं वाया गेलेलं पेट्रोल शेवटी कुणाच्या भाड्यात येतं?

दुसरं म्हणाल, इलेक्ट्रिक आली की प्रश्नच मिटला. काही अंशी मिटेल. ती सिग्नलला उभी असताना मोटार फिरत नाही, आणि अनेक गाड्यांत ब्रेक लावताना थोडी वीज बॅटरीत परत जाते. थोडी, सगळी नाही. कमी हवेचं टायर आणि घासणारा ब्रेक बॅटरीही तितक्याच आनंदानं खातात. शिवाय नव्या गाडीचं कर्ज प्रत्येक घराला आज झेपत नाही. आमच्या घराला तरी नाही. जुनी गाडी आहे तोवर तिचं ॲव्हरेज हीच आमची पगारवाढ.

आपलं शहर म्हणजे रिक्षांचं माहेर. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तिथं तीनचाकी बनतात. टांझानियात तर तीनचाकीला ‘बजाजी’च म्हणतात. ज्या शहराच्या रिक्षा इतक्या लांब ओळखल्या जातात, तिथं शेअर रिक्षानं कुठं थांबायचं हे मात्र ज्यानं-त्यानं ठरवायचं! माझं म्हणणं एवढंच आहे, की बससारखे रिक्षाचेही ठरलेले थांबे हवेत. जालना रोडवर चौक सोडून थोडं पुढं, कडेला रंगवलेली एक चौकट, दोन रिक्षा मावतील इतकी. चढायचं तिथं, उतरायचं तिथं. गतिरोधक मानकाप्रमाणं. यासाठी उड्डाणपूल बांधावा लागत नाही.

पण रंग लागेपर्यंत वाट बघायची गरज नाही. उद्या कॉलेजला जाताना एवढं करा. रिक्षा लांबून दिसली की चौकात पळत आडवे जाऊ नका, चार जण उभे आहेत तिथंच उभे राहा. सुट्टे आधीच हातात ठेवा. आणि शेजारचा उतरत असेल, तुमचं ठिकाण शंभर पावलांवर असेल, तर त्याच्यासोबतच उतरा. अर्धा चमचा वाचेल.

आमच्या घरी धाकट्याची शिकवणी या महिन्यापासून परत सुरू झालीय. टाकी भरली की किलोमीटर आता तोच वहीत लिहितो. कालचा आकडा २५.४. बाबा म्हणाले, ‘‘सव्वीस कर की.’’ तो म्हणाला, ‘‘ते माझ्या हातात नाही, सवारीच्या हातात आहे.’’