आरोग्य-चर्चा : धुराची नोंदवही

चुलीचा धूर कोठें कोंडतो हें घरांतील बायकांस पुरुषांपेक्षां अधिक कळतें. आज ज्या धुराविषयीं लिहावयाचें आहे तो मात्र हजारों मैलांवरचा.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडीं ज्या देशाचें नांव मेसापोटेमिया असे, त्या इराकांत बगदादच्या उत्तरेस बलद येथें अमेरिकेचा मोठा लष्करी तळ होता. तेथील केरकचरा सुमारें दहा एकरांच्या उघड्या जागेंत विमानाचें इंधन ओतून जाळीत. प्लास्टिक, टायर, बॅटऱ्या, रंगाचे डबे, इस्पितळांतील टाकाऊ वस्तु, कांहींच वर्ज्य नसे. परदेशांतील सेवा संपवून घरीं परतलेल्या कित्येक सैनिकांस जिना चढतांना दम लागूं लागला. क्ष-किरण चित्रांत मात्र कांहीं दिसेना! अखेर व्हँडरबिल्ट विद्यापीठांतील डॉ. रॉबर्ट मिलर व त्यांचे सहकारी यांनीं अशा ४९ जणांच्या फुप्फुसांचे तुकडे तपासले, व ३८ जणांच्या सूक्ष्म श्वासनलिका आकुंचित झाल्याचें २०११ सालीं प्रसिद्ध केलें. यांतील पुष्कळांस मोसूलनजीक २००३ सालीं गंधकास लागलेल्या आगीचा धूर बाधला होता.

पुढें २०१३ च्या कायद्यानें अशा सैनिकांची नोंदवही ठेवण्याचें ठरलें, व २०१४ मध्यें ती उघडली. हेतु उत्तम, पण नांव घालणें ज्याच्या त्याच्या मर्जीवर, आणि प्रश्न शंभराहून अधिक! ज्यास त्रास होतो तोच आधीं नांव घालणार, धडधाकट मनुष्य कशास घालील? आणि जो मेला त्यानें उत्तरें द्यावीं कशीं? अशा यादीवरून कार्यकारणाचा निवाडा होत नाहीं, असें तेथील विद्वन्मंडळानेंही २०१७ सालीं सांगितलें.

ओहायो राज्यांतील हीथ रॉबिन्सन हा सैनिक २०२० सालीं फुप्फुसाच्या कर्करोगानें वारला. २०२२ च्या ऑगस्टांत झालेल्या कायद्यास त्याचेंच नांव आहे. ठराविक मुलुखांत नोकरी केलेल्या सैनिकास ठराविक रोग जडल्यास तो नोकरीमुळेंच जडला, असें आतां गृहीत धरतात. धुराचा पुरावा गोळा करण्याचें ओझें रुग्णाच्या किंवा त्याच्या विधवेच्या शिरावर राहत नाहीं. २०२४ पासून नोंदवहीची रीतही उलटली. लष्कराच्या दप्तरावरून नांवें आपोआप चढतात, नको असेल त्यानें तसें कळवावें. त्यामुळें यादी सुमारें ४७ लक्षांवर गेली. आमच्या मतें हीच रीत प्रथमपासून हवी होती.

ज्यांच्या घरचें कोणी त्या सैन्यांत असेल त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, नोंदवहींत नांव असणें म्हणजे भरपाईचा अर्ज नव्हे. तो निराळा करावा लागतो.