गिटारचा आवाज कुठे हरवला?



आमच्या वस्तीतील चार मुलांनी गायन पार्टी उभी केली आहे. एक गाणारा, एक ढोलकीवाला, एक पेटीवाला आणि एक गिटारवाला. गिटारवाला दिवसभर कुरिअरची पाकिटे वाटतो. मागच्या महिन्यात त्यांनी दहा बाय बाराच्या खोलीत गाणे रेकॉर्ड केले. ऐकतात तर ढोलकी दणदणीत आणि गिटार म्हणजे पिंपात बसून कोणी गुणगुणावे तशी! गिटार काढूनच टाकायची, नाहीतर कर्ज काढून महागडा माईक घ्यायचा, असे ठरत आले. कार्यक्रमांत मी बरीच वर्षे माईक सांभाळले आहेत, म्हणून मुलाची आई विचारायला आली.

जाऊन पाहिले. माईकचा काही दोष नव्हता. तो गिटारच्या भोकाला जवळजवळ टेकवून ठेवला होता. पुष्कळांना वाटते, आवाज त्या भोकातूनच येतो. खरे तर तारांची थरथर घोडीवाटे पुढच्या लाकडी फळीत उतरते आणि ती अख्खी फळी बोलते. भोकातून येतो तो मुख्यतः आतल्या हवेचा घुमारा, साधारण १०० हर्ट्झच्या आसपासचा. त्यात असा माईक जितका जवळ, तितका खर्ज वाढतो. मग दुसरे काय होणार?

माईक वीतभर मागे घेतला आणि मान जिथे खोक्याला जुळते तिथे, बाराव्या फ्रेटच्या आसपास रोखला. नखाचा ठसका आला, तारेची धार आली. प्रत्येक गिटारची जागा थोडी वेगळी असते. एका कानात बोट घालून दुसरा कान गिटारसमोर फिरवावा. जिथे गोड लागेल तिथे माईक.

राहिली ढोलकी. गाणाऱ्यांचा नेहमीचा माईक समोरचे जास्त ऐकतो, पाठीमागचे सर्वांत कमी. म्हणून ढोलकीवाल्याला गिटारवाल्याच्या समोर, माईकच्या पाठीशी बसवले. नजरानजर राहते, ताल सुटत नाही. ढोलकीचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून माईकच्या तोंडात येतो, म्हणून गिटारवाल्याच्या मागे दोन गोधड्या टांगल्या. गाणाऱ्याचा माईक गिटारच्या माईकपासून निदान तीन विती लांब ठेवला. एकच आवाज दोन माईकनी मागेपुढे पकडला की तो पोकळ होतो.

महागडा कंडेन्सर माईक आणला असता तर बहुधा ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागला असता, वर पंखा आणि गल्लीतली रिक्षाही नीट ऐकू आली असती!

पुन्हा रेकॉर्ड केले. ढोलकी थोडी शिरलीच, पण राहू दे म्हटले. आईने हेडफोन लावून दोनदा ऐकले आणि म्हणाली, "मधल्या कडव्यात हा चुकलाय." चुकला होताच. येत्या रविवारी परत बसणार आहेत. तारा बदलायच्या तर दोन दिवस आधी बदल, म्हणून सांगितले आहे. नव्या तारा गाण्याच्या मध्येच उतरतात.